'डीन ऑफ द हाऊस'ला मराठीत काय म्हणायचं?

जॉन डिंगेल यांच्यावर भाषांतर चालू आहे. मिशिगनचे, १९५५ ते २०१५ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, एकोणसाठ वर्षं, तिथल्या संसदेत इतकं कोणीच टिकलेलं नाही. त्यांना 'डीन ऑफ द हाऊस' म्हणायचे, 'सभागृहाचे अधिष्ठाता' चालेल का?

—

अधिष्ठाता नकोच. मेडिकल कॉलेजचा अधिष्ठाता नेमलेला असतो, सगळं कॉलेज त्याच्या हाताखाली. हा डीन म्हणजे फक्त सगळ्यात जुना मेंबर, नव्या स्पीकरला शपथ द्यायची एवढाच काय तो मान, २००७ला पेलोसींना यांनीच दिली होती. आणि डिंगेल यांचंच बघा ना, जानेवारी १९९५ला डीन झाले आणि तेव्हाच विरोधी रिपब्लिकन पक्ष बहुमतात आल्यामुळे ऊर्जा आणि वाणिज्य समितीचं १९८१पासूनचं अध्यक्षपद गेलं, म्हणजे खरी सत्ता होती तीच गेली! त्या समितीतून चौकशीची पत्रं सुटायची त्यांना 'डिंगेलग्राम' म्हणायचे, सरकारी खाती धास्तावलेली असायची. अध्यक्षपद २००७ला परत मिळालं, पण पुढच्याच वर्षी डीन असूनही स्वतःच्याच पक्षातल्या वॅक्समन यांच्याकडून १३७ विरुद्ध १२२ने हरले.

—

मग 'ज्येष्ठतम सदस्य'?

—

त्याने वय वाटतं. इलिनॉयचे सिडनी येट्स वयाने मोठे आणि सभागृहात आलेही आधी, १९४९ला, पण मध्ये सिनेटची निवडणूक लढवून हरले आणि १९६५ला परत आले, म्हणजे सेवेत खंड पडला, म्हणून मान डिंगेल यांना. आपल्या सरकारी ऑफिसातला 'सेवाज्येष्ठ' शब्द इथे अगदी चपखल बसतो. सभागृहातले सर्वात सेवाज्येष्ठ सदस्य असं लिहा, आणि 'काँग्रेसचे ज्येष्ठ नेते' कृपया कुठेही नको, तिथल्या संसदेचं नाव काँग्रेस असलं तरी मराठी वाचकाला काँग्रेस म्हणजे पक्षच वाटणार आणि डिंगेल तर डेमोक्रॅट.

—

सेवाज्येष्ठ आवडला, घेते. अजून एक अडलंय, १९६५ला मेडिकेअरचं, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, विधेयक सभागृहात मंजूर झालं तेव्हा ते 'अध्यक्षस्थानी' होते असं लिहिलंय मी.

—

अध्यक्षस्थानी म्हटलं की लोक त्यांना स्पीकर समजतील. तेव्हा ते ना स्पीकर ना डीन, त्या बैठकीपुरते खुर्चीत होते, आपल्या विधानसभेत तालिका अध्यक्ष बसतात ना तसे, म्हणून 'पीठासीन' बरं. हा भाग गाळू नका मात्र. सर्वांना आरोग्यविमा मिळावा म्हणून वडिलांनी १९४३ला विधेयक मांडलं होतं, वडील गेल्यावर हे त्याच जागेवर निवडून आले आणि दर नव्या संसदेत ते परत परत मांडत राहिले. २०१०ला ओबामांचा आरोग्य कायदा मंजूर झाला तेव्हा पेलोसींनी डिंगेल यांनी १९६५ला पीठासीन असताना वापरलेलाच हातोडा त्यांच्याकडून मागून घेतला होता. तिथे 'हातोडा'च ठेवा, 'न्यायदंड' वगैरे काही नको.