हिडन फोल्डर कायम उघडे ठेवा म्हणे!

निवांत: काल या फोरमवर कुणीतरी ठणकावून सांगितलं, ‘हिडन आयटम्स, म्हणजे लपवलेल्या फायली-फोल्डर दाखवणारी सेटिंग, एकदा चालू करा आणि विसरून जा, झाकपाक नवशिक्यांसाठी असते.’ हीच अक्कल मीही पाजळली होती, वडिलांच्या कॉम्प्युटरवर. विंडोजच्या स्वतःच्या प्रोटेक्टेड फाइल्स लपवणारी टिकसुद्धा काढून ठेवली. डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ची दोन फिकी, धुरकट चिन्हं उगवली. वडिलांनी ती पुसली, हुरूप आला, मग ‘ॲपडेटा’ची, म्हणजे प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या लपवलेल्या फोल्डरची, सफाई! ब्राउझरचे सगळे बुकमार्क गेले. काम असेल तेव्हा दाखवा, झालं की झाका. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स. एवढंच तर आहे.

सी-ड्राइव्ह: ते मीच लिहिलं होतं, नाव घ्यायला लाजू नका. माझं निम्मं काम ‘डॉट’वाल्या (टिंबाने नाव सुरू होणाऱ्या) आणि लपवलेल्या फायलींतच चालतं. दिवसातून दहादा टिक लावू-काढू? वडिलांना ॲडमिन अकाउंट दिलंत, चूक तिथे झाली.

निवांत: ॲपडेटा ज्याचं त्याचं असतं हो. साधं अकाउंट असतं तरी पुसता आलंच असतं. आधी माहिती घ्या.

बिंदूराव: दोघंही उगाच भांडताय. ॲड्रेस बारमध्ये टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर मारा, त्यातलं ‘रोमिंग’ फोल्डर थेट उघडतं, काही दाखवायची गरजच नाही. आमच्या मॅकवर कमांड-शिफ्ट-पूर्णविराम, लिनक्सच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच. पुन्हा दाबलं की गायब. आणि गंमत म्हणजे, युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाईक सांगतात त्याप्रमाणे त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डॉट-फाइल्स मुळात अपघातच. फायलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ कमांडमधून ‘.’ (चालू फोल्डर) आणि ‘..’ (त्याच्या वरचं फोल्डर) वगळायचे होते, आळसात फक्त पहिलं अक्षर तपासलं, आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच दडलं!

फॉरमॅटग्रस्त: तुमची टिंबं राहू द्या. माझा पेन ड्राइव्ह आठवा. फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट, उघडलं तर काही नाही, पण प्रॉपर्टीजमध्ये जागा भरलेली दाखवत होता. इथे विचारलं तर उत्तर काय? ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारा.’ मारला. सहा वर्षांचे फोटो होते त्यात. नंतर कळलं, फोटो जागेवरच होते, फक्त लपवलेले.

सी-ड्राइव्ह: बघा! हिडन चालू असतं तर तेव्हाच दिसले असते.

फॉरमॅटग्रस्त: चालूच होतं! तो व्हायरस फोल्डरांना सिस्टिमचाही शिक्का मारतो. नुसत्या हिडन आयटम्सने काही दिसत नाही, प्रोटेक्टेडवाली टिकही काढावी लागते. तेवढं कुणी सांगितलं असतं तर!

बिंदूराव: फायलींवरचे असे शिक्के काढणारी कमांड: ॲट्रिब वजा एच (हिडन), वजा एस (सिस्टिम), शेवटी स्लॅश एस आणि स्लॅश डी. एका ओळीचं काम होतं. नुसतं वजा एच दिलं तर सिस्टिमचा शिक्का असलेल्या फायलीला ते हातच लावत नाही.

फॉरमॅटग्रस्त: हे आत्ता सांगताय? तेव्हा कुठे होतात?

सी-ड्राइव्ह: बॅकअप नव्हता त्याचं खापर आमच्यावर का? आणि क्विक फॉरमॅट असेल तर वर काही लिहिण्याआधी रिकव्हरी चालवायची होती.

फॉरमॅटग्रस्त: ‘फॉरमॅट मारा’ तुम्हीच म्हणाला होतात. नंतर दुसऱ्याच दिवशी त्यावर सिनेमे भरले मी.

सी-ड्राइव्ह: …असेन म्हणालो. तेव्हा मलाही तेवढंच कळत होतं.

निवांत: म्हणजे जे सगळं उघडं ठेवतात त्यांनाही सगळं दिसत नाही. लिहून ठेवतो.

सी-ड्राइव्ह: ठेवा. प्रोटेक्टेडवाली टिक मी काम झालं की परत लावतो, एवढं मान्य. हिडन आयटम्स मात्र माझ्या मशीनवर चालूच राहणार. आणि वडिलांच्या मशीनवरची टिक काढायला मी आलो नव्हतो, तेही लिहून ठेवा.