पोरानं ठोकलेली पिकप: जुने पार्ट टाकून उभी करावी का? (बजेट 40 हजार, वर एक रुपया नाही)

केज_तालुका
नमस्कार मंडळी. आपली 2014 ची बोलेरो पिकप आहे, पांढरी, एमएच-44. मागच्या गुरुवारी थोरल्या लेकरानं धारूर रोडला पुलाच्या कठड्यावर नेऊन घातली. पोरगं 19 चं, लायसन आहे. खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, देवाची कृपा. म्हणतो रोही (नीलगाय) आडवा आला.
लागलीय डाव्या अंगानं. बोनेट चुरगळलं, डावं मडगार्ड गेलं, हेडलाइट फुटला, बंपर दुमडला, पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसला. डावा दरवाजा उघडत नाही, अन् ओढून उघडला तर लागत नाही. इंजिन सुरू होतंय, हौद्याला काही नाही. विमा फक्त थर्ड पार्टी.
गावातला मिस्त्री म्हणतो, नव्या पार्टचे 85 हजार होतील, जुने आणून दिले तर बसवून देतो. बजेट 40. सोयाबीन निघायच्या आत गाडी पायजे. जुने पार्ट कुठं मिळतील, अन् काय जुनं घ्यावं, काय नाही, एवढंच सांगा.

उदगीर_एक्सप्रेस
विका. ठोकलेली गाडी घरात ठेवू नये. मी माझी अशीच विकली अन् नवी काढली, हप्ता 14 हजार. डोक्याला ताप नाही.

केज_तालुका
भाऊ, 40 हजार आहेत म्हणलं ना. हप्ता कुठून आणू?

परभणी_जर्मनी
लेकरू वाचलं हे मोठं. बाकी लोखंड आहे.
एक शंका: रोही होता का रील होती?

गेवराईची_कपाशी
😂 आमच्याकडं पण मागच्या साली "रोही" आला होता. रोह्याच्या हातात मोबाइल सापडला.

जालना_मोसंबी
हसू नका. रोही खरंच येतो. आमच्या बागेजवळ रात्री सात-आठचा कळप असतो. एक उडी मारून गेला की माणूस सुटलो म्हणतो, अन् मागचा दुसरा बरोबर बोनेटवर येतो. कायम एकामागं एक असतात, हे पोराला सांगा.
पार्टचं म्हणाल तर सरळ संभाजीनगरला जा. मी 2021 ला दोन दरवाजे आणले, अजून एक नंबर आहेत. किती दिले आठवत नाही.

पुण्यातला_बीडकर
नाना पेठेत या. सगळं मिळतं. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर तर अख्खी गाडी जुळवून देतील. मराठवाड्यात क्वालिटी नाही हो.

मिस्त्री_नांदेड
केजहून पुण्याला दरवाजा आणायला? भाड्यातच दरवाजा येतो की. आमच्याकडून लोक हैदराबादला जातात, तेही चार-पाच जण मिळून एक गाडी करून.
तीस वर्षं हेच काम करायलोय, म्हणून ऐका. पत्रा जुना चालतो: बोनेट, मडगार्ड, दरवाजा, फाळका, काचा, सीट. जीव ज्याच्यावर आहे ते जुनं घ्यायचं नाही: ब्रेकचे पाइप, टाय रॉडचे एंड, बॉल जॉइंट, स्टेअरिंगमधलं काहीही, सीटबेल्ट. एकदा झटका खाल्लेला पार्ट वरून चांगला दिसतो. आतली चीर डोळ्याला दिसत नाही.
कटिंगला, म्हणजे भंगारात तोडायला आलेली गाडी बघताना मागून ठोकलेली किंवा अंगावर पडलेली (उलटलेली) बघा. मागून ठोकलेलीचं तोंड कोरं असतं. अन् खिशात लोहचुंबक न्या. बोनेटवरून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बोटभर लांबीवर रंग मारून "ओरिजनल" म्हणून गळ्यात मारतात.

उदगीर_एक्सप्रेस
लोहचुंबकाचं मीच सांगणार होतो.

वकिली_कट्टा_लातूर
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 4 प्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय 20 लागतं. पिवळ्या पाटीची गाडी अन् चालवणारा 19 चा. थर्ड पार्टी क्लेम आला असता तर विमा कंपनीनं हाच मुद्दा काढला असता.

एमएच24_लोडिंग
वकीलसाहेब, 6 नोव्हेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर 7,500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालते. पिकप त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

वकिली_कट्टा_लातूर
वाचलाय. तो लायसनच्या प्रकाराबद्दल आहे. वयाचं कलम 4(2) अजून पुस्तकात जसंच्या तसं आहे.

एमएच24_लोडिंग
निकालात असंही म्हणलंय की ट्रान्सपोर्टच्या जादा अटी 7,500 किलोच्या वरच्यांनाच. पूर्ण वाचा.

वकिली_कट्टा_लातूर
तुम्ही तुमच्या जोखमीवर चालवा. मी माझ्या अशिलाला असा सल्ला देणार नाही.

परभणी_जर्मनी
दोघांनी कोर्टात भेटा. इथं माणसाचा दरवाजा लागंना झालाय.

हिंगोली_काका
केजवाले भाऊ, एक रुपयाचा पार्ट आणायच्या आधी चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मोजा. कुणीच कसं सांगितलं नाही? दरवाजा लागत नाही, हे दरवाजाचं दुखणं असंलच असं नाही. दरवाजाची चौकट जाग्यावर नसंल तर पाच दरवाजे बदलले तरी लागायचा नाही.
गाडी सपाट फरशीवर उभी करा. चारही चाकांत हवा सारखी. चासीला डाव्या-उजव्या अंगाला जोडीजोडीनं भोकं असतात, तशी एक जोडी पुढची धरा, एक मागची. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा अन् टोक जिथं येईल तिथं खडूनं फुली. गाडी पुढं ढकलून काढा. मग डावी पुढची फुली ते उजवी मागची, अन् उजवी पुढची ते डावी मागची, अशी तिरपी मापं घ्या. दोन्ही सारखी आली तर चासी सरळ. चार-पाच मिलिमीटर इकडंतिकडं चालतं. जास्त आलं तर आधी चासी ओढायची, मग पत्रा. उलटं केलं तर मिस्त्री बोनेटखाली वायसर घालत बसंल अन् टायर एकाच अंगानं खाईल.
ओढताना गॅसनं लाल करू देऊ नका. थंड ओढायची. तापवली की ती जागा मऊ पडते अन् लोड टाकला की पुन्हा तिथंच वाकते. माझ्या भाच्यानं तापवून घेतली होती. सहा महिन्यांत ऊस भरताना बसली.

गेवराईची_कपाशी
ऊस पिकपमध्ये? किती भरला होता?

हिंगोली_काका
ते विचारू नका.

जालना_मोसंबी
चासीसाठी संभाजीनगरलाच जा. तिथं मशिनवर लावतात. 15-18 हजार घेतील पण काम खात्रीचं.

पुण्यातला_बीडकर
पुण्यात कॉम्प्युटरवर करतात.

मिस्त्री_नांदेड
काका म्हणतात ते बरोबर. ओढायला शहरातच न्या, गावात हात लावू देऊ नका. अन् रेडिएटर नवाच घ्या, लोकल घ्या हवं तर. जुन्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या कधी तडकतील सांगता येत नाही. एप्रिलमध्ये केज-बीड रोडला गरम झाली तर हेड गॅस्केट जाईल. वाचवलेले पैसे तिथं तिप्पट जातील.

उदगीर_एक्सप्रेस
रेडिएटर नवाच. मी पण हेच म्हणतो.

एमएच24_लोडिंग
क्लेम करा ना. माझ्या गाडीचा 2 लाख 10 हजारांचा पास झाला. सर्व्हेअर स्वतः घरी आला, चहा घेऊन गेला.

केज_तालुका
थर्ड पार्टी आहे हो. आपल्या गाडीचं त्यात काहीच मिळत नाही.

एमएच24_लोडिंग
मग फुल का नाही काढला?

वकिली_कट्टा_लातूर
एक कामाचं सांगतो. कटिंगचा पार्ट घेताना कच्ची का होईना पावती घ्या, तिच्यावर ज्या गाडीचा पार्ट आहे तिचा नंबर लिहून घ्या. चोरीचा निघाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 तुमच्याकडंही बघतं. अन् तुमच्या गाडीवर चासी नंबर जिथं ठोकलाय तो तुकडा कापू, घासू किंवा त्याच्यावर वेल्डिंग मारू देऊ नका. आरटीओच्या पासिंगला तीच जागा बघतात.

केज_तालुका
काका, मोजली. शाळेच्या कट्ट्याची फरशी सपाट आहे, रविवारी तिथं नेली. ओळंबा गवंड्याचा मागून आणला. वारं होतं, ओळंबा थांबंना. शेवटी पोराला गाडीखाली निजवलं अन् दोन बोटांत दोरी धरून ठेव म्हणलं. फुल्या त्यानंच मारल्या. दोन तिरप्या मापांत 14 मिलिमीटरचा फरक निघाला. तीनदा मोजलं, एकदा 13, दोनदा 14. डावं टोक मागं अन् थोडं आत गेलंय.
ओढून घ्यायचं ठरवलंय. कुठं ते बघतो.

हिंगोली_काका
वाचला तुमचा दरवाजाचा पैसा. शहरात न्या.

गेवराईची_कपाशी
एक टिप देतो, चासी सरळ आहे का बघायचं असेल तर तिरपी मापं घ्यावीत.

परभणी_जर्मनी
वा. नवीनच कळालं.

जालना_मोसंबी
केजवाले, काय झालं मग? तीन आठवडे झाले. माझ्या पुतण्याची पण ठोकलीय, त्याला सांगायचंय.

केज_तालुका
गाडी उभी झाली. आज पहिली खेप मारली, 22 पोती सोयाबीन अंबाजोगाईला. सगळ्यांना नाराज करून काम केलंय, शिव्या सावकाश द्या.
चासी शहरात नेली नाही. आमच्या इथं एक जण ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच्या शेडात जमिनीत आय-गर्डर पुरलेले आहेत. मागून गाडी त्यांना बांधली, पुढं साखळी अन् 20 टनी जॅक. गॅसचा पाइप मी स्वतः काढून बाजूला ठेवला. सहा तास लागले. थोडं ओढायचं, सोडायचं, मोजायचं. सोडलं की लोखंड परत मागं जातं, म्हणून पायजे त्याच्या थोडं पुढं ओढावं लागतं. हे मला माहीत नव्हतं, त्या माणसाला होतं. शेवटी फरक 3 मिलिमीटरवर आला. अन् गंमत म्हणजे जुना दरवाजा आपोआप उघडायला लागला. लागत मात्र नव्हता, बिजागरीची जागाच फाटली होती.
पार्ट माजलगावच्या अलीकडं एका भंगारवाल्याकडं मिळाले. अंगावर पडलेली गाडी होती, टप बसलेला, तोंड चांगलं. चुंबक फिरवला, चिकटला. पावती घेतली, गाडी नंबरासकट.
बोनेट 4,000, मडगार्ड 1,500, दरवाजा काचेसकट 4,500. हेडलाइट नवा 1,600. टाय रॉडचे एंड नवे 1,400, ब्रेकचा पाइप नवा 450. पंखा 700. बंपर ठोकून सरळ केला, 500. चासी ओढाई 3,500, मिस्त्री 8,000, अंबाजोगाईला अलाइनमेंट 600, कूलंट 800, पार्ट आणायचं भाडं 1,200.
अन् रेडिएटर जुना, 2,200. माहीत आहे, माहीत आहे. दोन्ही तोंडं बंद करून हौदात बुडवला, हवा मारली, दहा मिनिटं बघत बसलो. एक बुडबुडा नाही.
एकूण 30,950. रंग मारला नाही. भंगारातली गाडी तपकिरी होती, त्यामुळं आपली आता अर्धी गाय झालीय. दिवाळीनंतर बघू.

मिस्त्री_नांदेड
बुडबुडा थंड पाण्यात येईलच असं नाही, कधी गरम झाल्यावरच येतो. असू द्या. गाडीत पाच लिटर पाणी कायम ठेवा अन् काट्यावर नजर.
ट्रॉलीवाला मात्र हुशार दिसतो. नंबर कळवा, आमच्याकडं एक टाटाची योद्धा पिकप आलीय.

पुण्यातला_बीडकर
40 च्या आत कशी झाली? काहीतरी राहिलंय.

वकिली_कट्टा_लातूर
पासिंग कधी आहे? गाडी आठ वर्षांच्या वरची, म्हणजे दरवर्षी फिटनेस. आरसीवर पांढरी लिहिलंय. त्याच्या आधी रंग मारा.

केज_तालुका
जानेवारीत आहे. तोवर मारतो.

गेवराईची_कपाशी
अन् रोही?

केज_तालुका
जॅक लावलेला असताना पोरगं आपण होऊन म्हणालं, "पप्पा, रोही नव्हता." मी म्हणलं, मोज. 9 मिलिमीटर राहिले होते.
सध्या तो मोटारसायकल चालवतो. गाडीवर मी आहे.

उदगीर_एक्सप्रेस
तुमचा जुना डावा दरवाजा पडून असंल तर त्याची काच द्यायची का? माझ्या मेव्हण्याच्या पिकपला पायजे. 300 देतो.

केज_तालुका
500. अन् तुम्ही तर विका म्हणत होता.

उदगीर_एक्सप्रेस
350. एसटीत टाकून द्या.