बाजार पडला त्या दिवशी विकणारं कोण होतं? अनुभव सांगा

परवा कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर एका पोरानं विचारलं, "कंपनी तीच, कारखाना तोच, मग एका दिवसात शेअरचा पाचवा हिस्सा जातो कुठं?" कुणालाच नीट सांगता आलं नाही. म्हणून हा धागा. टिपा नकोत, स्वतःवर आलेलं लिहा. सुरुवात मी करतो.

4 जून 2024, लोकसभा निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स, म्हणजे 30 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, 2,500 अंशांनी वर गेला होता. मी सरकारी कंपन्यांचे शेअर घेतले होते, माझे एक लाख आणि ब्रोकरनं उधार दिलेले तीन लाख. निकालाच्या दिवशी शटर अर्धं ओढून मोबाईल बघत बसलो. माझे शेअर 20 टक्के पडले. चार लाखांचे 3 लाख 20 हजार झाले. ब्रोकरचे तीन लाख जिथल्या तिथं, माझे उरले 20 हजार. मार्जिन, म्हणजे उधारीमागं ठेवायचे स्वतःचे पैसे, भरा म्हणून मेसेज आला. भरायला पैसे नव्हते, शेअर परस्पर विकले गेले. शुक्रवारी, 7 तारखेला, सेन्सेक्स पडण्याआधीच्या पातळीच्या वर होता. त्या दुपारच्या विकणाऱ्यांत मी होतो, आणि मला विकायचं नव्हतं.

*

शाहूपुरीत आमची गुळाची अडत आहे. त्या पोराला सौद्याला घेऊन या, लगेच कळंल. आवक जास्त आणि घेणारे चारच असले की ज्याला सोसायटीचं कर्ज फेडायचंय तो शेतकरी मिळंल त्या भावाला गुळाचे रवे (ढेपा) देतो. त्या दिवशीचा भाव तोच. ज्यानं गूळ घरातच ठेवलाय, त्याच्या गुळाचीबी किंमत मग त्याच भावानं धरतात. शेअरचं तसंच हाय. सगळी कंपनी कोण विकत नाही. थोडे शेअर हात बदलतात, आणि शेवटच्या सौद्याच्या भावानं सगळ्यांची मोजदाद होते. पैसा कुठं गेला म्हणून विचाराल तर बराचसा कुणाच्या खिशात गेलेलाच नसतो.

*

राजारामपुरीतून, निवृत्त शिक्षिका. 23 मार्च 2020, कोविडमधल्या जनता कर्फ्यूनंतरचा दिवस. पहिल्या तासातच सेन्सेक्स 10 टक्के खाली आला आणि 45 मिनिटं व्यवहार थांबवले. मला वाटलं, आता सावरेल. सुरू झाल्यावर आणखी पडला, दिवसअखेर 3,900 अंशांहून जास्त. मी चहा गॅसवर विसरले, पातेलं जळून काळं झालं. म्युच्युअल फंडातले पैसे काढायचा फॉर्म अर्धा भरला आणि मुलाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "आई, हे पैसे तुला यंदा लागणार आहेत का?" लागणार नव्हते. फॉर्म तसाच ठेवला. नोव्हेंबरपर्यंत बाजार कोविडच्या आधीच्या उंचीवर गेला होता.

*

वरच्या दोन्ही अनुभवांत बाजार परत आला, म्हणून मला लिहावंसं वाटतं. उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 च्या वर होता. 22 तारखेला सर्किट लागलं, म्हणजे फार पडल्यामुळं व्यवहार थांबवले, आणि मी "स्वस्त झालं" म्हणून घेतलं. ऑक्टोबरात तो 8,000 च्या खाली जाऊन आला. तोवर अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली होती आणि इथं आमच्याकडं गाड्यांच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) काम आटलं होतं. दोन शिफ्टची एक झाली. ती पडझड नुसत्या घाबरलेल्यांची नव्हती, धंदाच बसला होता. बांधकामातल्या एका कंपनीचे माझे शेअर आजही त्या भावाच्या जवळपास नाहीत. गूळवाल्या काकांचं पटतं, पण विकणाऱ्याची अडचण आहे की मालातच खोट आहे, ही गोष्ट ओळखता आली पाहिजे. मला त्या वर्षी आली नाही.

*

गूळवाल्या काकांचं वाचून काल एक काम केलं. मुलीची इंजिनीअरिंगची फी जुलैत भरायची आहे. ते पैसे इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या फंडात होते, ते काढले. सहा हजार तोटा झाला. बाकीची एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, चालू ठेवली आहे.