जुन्या फुटबॉल क्लबचं दप्तर: सोलापूरकर, साल कसं ठरवता?

सोलापुरातल्या हौशी फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला घेतला की हाताला साधारण हेच लागतं: एक ट्रंक, पावतीपुस्तकं, काचेला चिकटलेले ग्रुप फोटो आणि खिळे गंजलेली फिरती ढाल. आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतात, पण एकाचं साल दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी अनुभव लिहा. ‘आमच्या वेळी’ नको, कशावरून काय कळतं ते सांगा. (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दप्तरी

आधी कागद, मग माणसं. वर्गणी आण्यांत असेल तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७ ला नये पैसे येण्याआधीची. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, छापील पुस्तक संपेपर्यंत वापरायची आपली रीत. छापलेले आणे खोडून शेजारी हातानं नये पैसे लिहिलेले दिसले तर ती पावती त्या बदलाच्या लगेच नंतरची. पत्त्यात मुंबई राज्य असेल तर लेटरहेड १ मे १९६० पूर्वी छापलेलं. मैदानासाठीचा अर्ज नगरपालिकेऐवजी महानगरपालिकेला असेल तर १९६४ किंवा पुढचा. ४१३००१ हा पिनकोड छापला असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. अशा दोन-तीन खुणा एकाच कागदावर आल्या की बराच नेम बसतो.

स्थापना आणि नोंदणी यांची गल्लत मात्र सगळीकडे. गल्लीतली पोरं खेळायला लागली ते साल वेगळं आणि कागदावर संस्था झाली ते वेगळं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंद असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकच्या उताऱ्याची नक्कल मिळते. त्यात पहिले विश्वस्त आणि नंतरचे बदल सापडतात. पण बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा नियम हौशी क्लबात कोण पाळतो? कित्येक वर्षांचे बदल एकदम दाखल केलेले असतात. त्यामुळे अध्यक्ष कधी बदलला हे उताऱ्यावरून ठरवू नका, प्रोसिडिंग वहीतला, म्हणजे सभांच्या नोंदवहीतला, ठराव बघा.

ढाल-चषक

ढाल दिसली की लोक आधी पॉलिश आणतात. तेच करू नका. पत्र्यावरची कोरीव अक्षरं आधीच झिजलेली असतात, पॉलिशनं उरलीसुरली जातात. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, खोली अंधारी करा आणि टॉर्च बाजूनं, ढालीला जवळजवळ टेकवून धरा. अक्षरांच्या कडांना सावली पडते. एक फोटो डावीकडून उजेड देऊन, एक उजवीकडून. तरीही वाचता आलं नाही तर ट्रेसिंग पेपर घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची.

ढालीवरच्या विजेत्यांच्या नावांच्या पाट्या पडलेल्या असतील तर खिळ्यांची भोकं मोजा. लाकडावर पाटीच्या आकाराचा फिकट डाग राहतो, म्हणजे किती वर्षांचे विजेते गायब आहेत ते तरी कळतं. आणखी एक: सलग चार-पाच वर्षांच्या पाट्यांवर अक्षराचं वळण, खोली, अगदी शुद्धलेखनाची चूकसुद्धा सारखी असेल तर त्या एका बैठकीत कोरलेल्या आहेत. म्हणजे कुणीतरी आठवणीतून नावं सांगितली. ढालीवर कोरलंय म्हणून खरं मानू नका.

शिट्टी

निकालांची वही वाचताना आजचे नियम डोक्यातून काढा. त्याच दोन संघांचा सामना दोन-तीन तारखांना दिसला की लोक दुबार नोंद म्हणून एक ओळ खोडतात. पेनल्टी शूटआऊट नियमात आलं १९७० ला. त्याआधी बरोबरी झाली की सामना पुन्हा खेळवायचे, नाहीतर नाणेफेक. त्या सगळ्या ओळी खऱ्या असतात. विजयाला तीन गुण ही पद्धतही नंतरची, विश्वचषकात १९९४ ला आली. जुन्या तक्त्यात बेरीज चुकलीय असं वाटलं तर विजयाला दोन गुण धरून पुन्हा करा, बहुतेक वेळा जुळते.

वेळेचंही तसंच. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेतसुद्धा सामने ८० मिनिटांचे होते, तेव्हा गावातल्या स्पर्धेत ९० मिनिटं धरून चालू नका. स्पर्धेचं छापील नियमपत्रक मिळालं तर सोनं.

काळी माती

जागा आणि महिना जुळतो का, ते बघा. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. पाळणे आणि दुकानं लागलेली असताना तिथं सामना होणं अवघड, तेव्हा जानेवारीच्या मध्याची होम मैदानावरची नोंद दुसऱ्या पुराव्याशिवाय घेऊ नका. १९३० च्या मे-जूनच्या नोंदी नसतील तर वही फाटली असंच समजू नका, शहरात मार्शल लॉ होता.

फोटोवरून मैदानाचा अंदाज काढायला गोलपोस्ट हीच पट्टी. दोन खांबांमधलं अंतर ७.३२ मीटर, आडव्या दांडीची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटर. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू कलतात. लाकडी दांडी मध्ये झुकते ते वेगळंच. त्यामुळे उंची एका खांबापाशी मोजून थांबू नका, दोन्ही टोकं आणि मध्य असं तीन ठिकाणी मोजा. जुने लोक ‘आमचं ग्राउंड मोठं होतं’ म्हणतात त्यावर वाद घालू नये. नियमच लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालवून घेतो. जागा असेल तशी फक्की मारून रेषा आखत.

दप्तरी

@काळी माती, गड्ड्याचं बरोबर. पण ‘होम मैदान’ आणि ‘पार्क’ ही दोन मैदानांची नावं नोंद करणाऱ्यानं सैल वापरलेली असतात, तेही गृहीत धरा.

निगेटिव्ह

ग्रुप फोटोत पहिल्या रांगेपुढचा बॉल बघा. चामड्याच्या बॉलवर चुन्यानं किंवा पांढऱ्या रंगानं क्लबचं नाव आणि साल लिहायची पद्धत होती. साध्या डोळ्यांना पांढरा ठिपका दिसतो, १२०० डीपीआयला स्कॅन केलं तर आकडे सुटे होतात. लेस बांधलेला बॉल म्हणजे जुना, काळ्या पंचकोनांचा बॉल १९७० च्या विश्वचषकानंतर पसरला. मात्र बॉल वर्षानुवर्षं शिवून वापरायचे, त्यामुळे बॉलवरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच म्हणता येतं. अनवाणी पायांवरून साल काढू नका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचेच बरेच खेळाडू अनवाणी होते, आणि गावात बूट परवडणं हा प्रश्न त्यानंतरही होताच.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वळलेला फोटो जबरदस्तीनं सपाट केला की तडा जातो, पावसाळ्यापर्यंत थांबा.

पूर्व भाग

नावांचं कुणी बोललं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी येतं, मराठी कारकुनानं ते शेवटी टाकलेलं, वर्तमानपत्रात नुसती आद्याक्षरं आणि मैदानावर दख्खनी टोपणनाव. एका खेळाडूचे चार खेळाडू होतात. प्रत्येकासाठी एक कार्ड करा: नाव जसं सापडलं तसंच, कुठं सापडलं, संघातली खेळायची जागा (गोली, बॅक वगैरे), पेठ. जागा, पेठ आणि साल तिन्ही जुळल्याशिवाय दोन कार्डं एकत्र करू नका. सख्खे भाऊ एकाच संघात असले की तेवढ्यानंही भागत नाही, मग वडिलांचं नाव लागतंच.

शिट्टी

आणि वर्तमानपत्राची फाईल चाळताना सामन्याची तारीख बातमीच्या आदल्या दिवसाची धरा. सोमवारच्या अंकात ‘काल’ म्हटलं असेल तर रविवार. वहीतल्या तारखेला रविवार येतो का, ते कॅलेंडरवर तपासलं की निम्म्या चुका तिथंच पकडल्या जातात.