एकाच दृश्यातून प्रेमरहस्यकथा कशी उभी करावी?

दिवाडकरीण:
नमस्कार. गेली दोन वर्षे एक दृश्य माझी पाठ सोडत नाही. गोव्यातल्या दिवाडी बेटावर, खाजनात म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतात, तिन्हीसांजेला मी बांधावर उभी होते. ओहोटी लागली होती, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी लावलेल्या जाळ्यावर कंदिलाचा उजेड पडला होता, आणि कोळंबी वेचता वेचता तिथल्या माणसाच्या हाताला अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायची फुलांची माळ, लागली. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेली, अजून ताजी. त्याने ती क्षणभर उजेडात धरली, खिशात ठेवली आणि पुन्हा कोळंबी वेचू लागला.

यावर मला प्रेमकथाही असेल आणि रहस्यही असेल अशी कादंबरी लिहायची आहे. चाळीस पाने लिहून झाली. त्यांत तस्करी आली, परदेशी पाहुणा आला, जुन्या घराचा वाद आला. पण प्रेम एका वाटेने गेले, रहस्य दुसऱ्या वाटेने गेले आणि ती फाती पहिल्याच पानावर राहून गेली. कुठे चुकते आहे?

बांधावरचा:
ताई, आपण कथानक बाहेरून आणत आहात आणि ते त्या जाळ्यातच आहे, असे मला वाटते. माझे बालपण खाजनाच्या काठी गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने मानशीच्या फळ्या मिटतात आणि नदीचे खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला त्याच फळ्या उघडतात आणि आतले पाणी नदीकडे धावते. जाळे लावतात ते या बाहेर पडणाऱ्या पाण्यात. म्हणजे आपली फाती मांडवीतून वाहत आलेली नाही, ती खाजनाच्या आतून आली. जिच्या केसांत ती होती, ती बाई बांधाच्या आतल्या बाजूला होती आणि तीही थोड्याच वेळापूर्वी. आता जाळ्यावरच्या त्या माणसाला कोणी विचारले आणि तो म्हणाला, “नदीतून आली असेल,” तर तो खोटे बोलतो आहे हे खाजनात वाढलेल्या कोणालाही तत्काळ कळेल. आपल्या नायिकेलाही ते कळू द्या, आणि तिचे त्याच माणसावर प्रेम असू द्या. तो असे का बोलला, या एका प्रश्नात आपले रहस्यही आहे आणि प्रेमही आहे. मग दोन वाटा उरणार नाहीत.

कारणासाठीही दूर जाण्याची गरज नाही. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, जातो. ज्याने पैसे मोजून तो घेतला, त्याला मासळी हवी असते. ज्याचे भात आत उभे आहे, त्याला खारे पाणी नको असते. रात्री कोणी फळी अडकवून ठेवली तर एकाची जाळी भरतात आणि दुसऱ्याचे पीक जळते. या भांडणात किती घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली, ते मी पाहिले आहे. तस्करीचा भाग मी असतो तर काढून टाकला असता.

दुसरी सही:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त कथेला मुदत हवी. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून आलेल्या पद्धतीनुसार लग्नाच्या नोंदणीत दोन सह्या असतात: पहिली सही झाली की नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात आणि त्यानंतर दुसरी सही होते. नायिकेची पहिली सही झालेली आहे आणि फाती त्याच आठवड्यात सापडते, असे करून पाहा. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते, म्हणजे दुसऱ्या सहीबरोबर त्याच्या व्यवहारांतही ती निम्मी वाटेकरी होईल. हरकत घ्यायला कोणी येत नाही. घ्यायचीच झाली तर ती तिनेच घ्यायची आहे.

आबोलेवाडी:
मला एक छोटी पण महत्त्वाची शंका आहे. त्याने फाती खिशात ठेवली, हे आपण पहिल्या पानावर सांगू नये. वाचकाला आधी केवळ कंदील, जाळे आणि फूल दिसू द्या. खिसा नायिकेला नंतर, त्याचा सदरा धुताना, सापडू द्या. अबोलीला वास नसतो, त्यामुळे हात घालेपर्यंत तिला काही कळणार नाही.

दिवाडकरीण:
सर्वांचे मनापासून आभार. ‘नदीतून आली असेल’ हे वाक्य वाचल्यापासून मी चाळीस पानांतली सदतीस बाजूला ठेवली आहेत. आणखी एक आठवले: आमच्या घरी फाती गुंफताना शेवटची गाठ आई नेहमी दुहेरी मारते आणि मीही तशीच मारते. सदरा धुताना नायिकेच्या हाती दुहेरी गाठ लागली, म्हणजे ती फाती तिने स्वतःच गुंफून धाकट्या बहिणीच्या केसांत माळलेली असेल, तर? आज रात्री तिथूनच लिहायला बसते.