आधी शॉकअप, मग स्प्रिंग
दादा, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकून जुनेच शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) ठेवायचं म्हणताय, ती चूक मी करून बसलोय. माझी पोलो ४० मिमी खाली बसवली होती. कन्नडच्या औट्रम घाटात वळणाला मस्त चिकटायची, पण जालन्याकडं जाताना गावागावाच्या स्पीडब्रेकरवर पोट घासायचं आणि खड्ड्यात बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन आपटायची. आखूड स्प्रिंग कडक असते, तिची उसळी दमलेल्या शॉकअपला आवरत नाही. कंपनीच्याच उंचीवर राहायचं असेल तर बिलस्टाईन ब्रँडचे बी६ शॉकअप बघा. बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी असतात. त्याआधी कंट्रोल आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश तपासून घ्या, माझे तर शिळ्या भाकरीगत चिरले होते! आणि उंची बदलली की चाकांची अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर एका बाजूनं झिजतात.