मदत हवी आहे : २०१६चा दुष्काळ आणि आयपीएलचे सामने

सस्नेह नमस्कार. अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या वादविवादासाठी मी २०१६ सालचे आयपीएल आणि दुष्काळ हे प्रकरण निवडले आहे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येऊ लागले होते, आणि त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मी तेव्हा लातुरातच होतो. टँकरची वाट पाहत रात्रभर रांगेत ठेवलेल्या, दोरीने एकमेकींना बांधलेल्या आमच्या गल्लीतल्या घागरी अजून डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वेगळे सांगायला नको. तरीही दुसरी बाजू मुलांसमोर प्रामाणिकपणे मांडायची आहे. ज्यांची रोजंदारी सामन्यांवर चालते त्यांचे काय, आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी मैदानासाठी वापरण्याची तयारी क्रिकेट संघटनांनी दाखवली असताना ती पुरेशी का ठरली नाही?

मैदानाच्या देखभालीचे काम केलेले कोणी येथे असल्यास, ऐन उन्हाळ्यात खेळपट्टी आणि हिरवळ राखायला प्रत्यक्ष किती पाणी लागते व ते कुठून आणले जाते, हे कृपया अनुभवावरून सांगावे. न्यायालयाच्या आदेशाची मूळ प्रत कोठे मिळेल, हेही कळवावे. वादविवाद पुढच्या शनिवारी आहे.